पाण्यात दिसला म्हणजे जिवंत दिसला असं नाही

“विषाणू पेशीत शिरताना आजवर कोणीही पाहिलेला नाही. दाखवतात ती चित्रं कॉम्प्युटरवर रंगवलेली, वाळलेल्या मेल्या पेशींच्या कचऱ्याची. आता तर पाण्यातला नमुना पाहणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, तरी व्हिडिओ नाहीच. म्हणजे विषाणूच नाही!” हा मजकूर अधूनमधून कुणीतरी पाठवतंच.

रंगाचं म्हणणं खरं आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहतो, म्हणून त्याच्या चित्राला रंग नसतो, तो मागाहून भरतात. पण 2020 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात टिपलेले सात कोरोना कण काळे-पांढरेच होते, 70 ते 80 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). त्यात रंगवलं काय?

‘वाळलेला कचरा’ हा आक्षेप नमुना वाळवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीला थोडाफार लागू पडतो. आता नमुना द्रव इथेनमध्ये इतक्या झटक्यात गोठवतात की पाण्याला स्फटिक व्हायलाही सवड मिळत नाही. 2013 साली अशाच बर्फात टी-7 हा जिवाणूभक्षी विषाणू ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर बसलेला पाहिला गेला. बसण्याआधी शेपूट आखूड. बसल्यावर ती लांब होऊन जिवाणूच्या आवरणातून आरपार गेलेली. ही सुटी स्थिरचित्रं आहेत, क्रम माणसांनी लावला, हे कबूल. पण जिवाणू भेटल्यावरच शेपूट वाढवणारा कचरा मी तरी पाहिलेला नाही.

आता पाण्याकडे येऊ. खरा घोळ इथेच आहे. सूक्ष्मदर्शकात निर्वात असतं, तिथे उघडं पाणी टिकत नाही. म्हणून सिलिकॉन नायट्राइडच्या, वीस-पन्नास नॅनोमीटर जाडीच्या दोन खिडक्यांमध्ये पाण्याचा पातळ थर कोंडतात. नमुना ओला राहतो, वाळवावा लागत नाही, ही मोठीच कमाई. पण इलेक्ट्रॉनचा झोत पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून हायड्रॉक्सिलसारखे जहाल घटक निघतात. चित्र स्पष्ट हवं तर इलेक्ट्रॉन जास्त हवेत, आणि तेवढ्यात पेशी केव्हाच मेलेली असते. याच तंत्रात काम करणाऱ्या नील्स द योंगे आणि डायना पेकिस यांनी 2016 साली लिहिलं होतं की जिवंत पेशीचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन बहुधा अशक्यच आहे. तेव्हा इलेक्ट्रॉनने घेतलेला व्हिडिओ नसण्याचं कारण या झोतात आहे. आणि हो, “जिवंत विषाणू पाण्यात पकडला!” म्हणून नाचणारे, विषाणू मानणारे आपल्या बाजूचे लोकही तितकेच सैल बोलतात.

राहिला व्हिडिओ. तो आहे, फक्त प्रकाशाने घेतलेला. 2003 साली हार्वर्डमध्ये शावेई झुआंग यांच्या गटाने चमकता रंग लावलेले फ्लूचे विषाणू जिवंत पेशींत एकेकटे गाठले. विषाणू आत ओढला जातो, केंद्रकाच्या दिशेने वाहून नेला जातो, आणि त्याचं आवरण पेशीतल्या पिशवीच्या पडद्यात मिसळतं तेव्हा रंग पसरून ठिपका एकदम उजळतो. नेहमीच्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरखालचा आकार उलगडत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला काटेरी गोळा दिसणार नाही, सरकणारा ठिपका दिसेल.