‘सगळ्यांचाच फायदा झाला’ हे खरं नाही: पॅक-12 कशी मोडली आणि भुर्दंड कुणाला पडला

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला. कॉलेजच्या खेळांमधली कॉन्फरन्सची फेरमांडणी, म्हणजे ‘रीअलाइनमेंट’, कशी सगळ्यांच्या भल्याची ठरली, हे त्यात सांगितलंय. थोडक्यात म्हणणं असं: हा बाजाराचा नियमच आहे, कुणाचा दोष नाही. टीव्हीचा पैसा वाढला, त्यामुळे सगळी विद्यापीठं सुधारली. प्रवास वाढला, पण विमानं आहेत. जे मागे राहिले त्यांची तेवढीच लायकी होती. जुन्या लढती टिकून आहेत. खेळाडूंनाही आता पैसे मिळतात. आणि काहीही झालं तरी आता मागे फिरता येणार नाही.

मी पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलो, म्हणजे मागे राहिलेल्या दोघांपैकी एकात. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या मजकुरातली जवळपास प्रत्येक ओळ तारखा आणि आकडे समोर ठेवले की ढासळते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशा होतात, तशी अमेरिकेत जवळजवळच्या विद्यापीठांनी मिळून आपापली कॉन्फरन्स केली. पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-12 ही 1915 साली पोर्टलंडमध्ये स्थापन झालेल्या संघटनेची वारस, आणि तिच्या विद्यापीठांनी एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, 500 हून जास्त विजेतेपदं मिळवलेली.

आता पहिला मुद्दा: ‘बाजाराचा नियम, कुणाचा दोष नाही.’

दोष आहे, आणि तो तारखेनिशी दाखवता येतो. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल आपणच विकायला मोकळी झाली. पॅक-12 ने ऑगस्ट 2012 मध्ये स्वतःचं चॅनल काढलं, शंभर टक्के मालकी स्वतःकडे ठेवून. इतरांनी फॉक्स किंवा ईएसपीएन या टीव्ही कंपन्यांना भागीदार करून घेतलं. भागीदार नसल्यामुळे वितरणासाठी पाठीशी कुणी उभं राहिलं नाही, आणि डायरेक्टीव्ही या मोठ्या डिश सेवेवर ते चॅनल शेवटपर्यंत आलंच नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये, टेक्सास आणि ओक्लाहोमा बाहेर पडायला निघाल्यामुळे बिग 12 ही दुसरी कॉन्फरन्स डळमळली होती. तेव्हा तिथली विद्यापीठं आपल्याकडे घ्यायची नाहीत असं पॅक-12 ने ठरवलं. 30 जून 2022 ला पॅक-12 मधल्या लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर, तेव्हाच्या बातम्यांनुसार, ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 3 कोटी डॉलर देऊ केले होते. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी 5 कोटी मागितले आणि बोलणी फिसकटली. वर्षभराने हातात उरला अ‍ॅपलचा प्रस्ताव, ज्यात उत्पन्न किती लोक वर्गणी भरतात यावर अवलंबून.

कोलोराडो जुलैमध्येच बिग 12 कडे गेलं होतं. 4 ऑगस्ट 2023 च्या सकाळी उरलेली नऊ विद्यापीठं त्या करारावर सह्या करतील अशी अपेक्षा होती. रात्रीपर्यंत नवाची चार झाली. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 मध्ये. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) हे एसीसी या पूर्व किनाऱ्याकडच्या कॉन्फरन्समध्ये गेले. दोनच उरले: ऑरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. 108 वर्षांची संस्था एका महिन्यात मोडली. याला बाजाराचा नियम म्हणणं म्हणजे बंद खोलीत बसून चुकीचे निर्णय घेणाऱ्यांना मोकळं सोडणं आहे.

‘मागे राहिले त्यांची लायकी तेवढीच.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

पुलमन हे वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, पलूस नावाच्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे. चहूकडे गहू, मसूर आणि काबुली चणे. ऑगस्टमध्ये मसूर निघतो तेव्हा गावात त्याचा उत्सव होतो. आपल्याकडच्या माणसाला तिथे गेल्यावर पहिलं आश्चर्य वाटतं ते याचंच. गावाची लोकसंख्या आणि स्टेडियममधल्या जागा जवळपास सारख्याच, 33 हजारांच्या आसपास. मी दोन सीझन त्या स्टेडियममधल्या खाण्याच्या खिडकीवर काम केलं. परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला वीसच तास काम करता यायचं, त्यातले बरेचसे मॅचच्या शनिवारी संपायचे. नोव्हेंबरमध्ये हॉट चॉकलेटची रांग पहिल्या क्वार्टरपासून लागायची. चार-पाच तास गाडी चालवून सिअ‍ॅटलहून आलेले आजी-आजोबा, त्यांच्या अंगावर त्यांच्याच कॉलेजच्या दिवसांतलं लाल जॅकेट. परत जाताना युनिव्हर्सिटीच्या डेअरीतलं डब्यातलं चीज घ्यायचं हा नेम. गावातल्या मोटेलवाल्यांचं, हॉटेलवाल्यांचं वर्षाचं गणित वर्षातल्या सहा-सात घरच्या मॅचवर बसायचं. लायकी मोजायची तर हे कुठे धरायचं?

बरं, हे भावनेचं झालं म्हणा. खेळाचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं बघा. 9 सप्टेंबर 2023. पॅक-12 फुटून महिना झालेला. त्या दिवशी पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने बिग टेनमधल्या विस्कॉन्सिनला 31-22 असं हरवलं. आदल्या वर्षी त्यांच्याच मैदानावर जाऊन 17-14 असं हरवलं होतं. ऑरेगॉन स्टेटने 2022 मध्ये दहा मॅच जिंकल्या, आणि त्यातली एक ऑरेगॉनविरुद्ध, 31-10 असं मागे पडल्यावर 38-34 अशी. त्याच ऑरेगॉनला पुढच्या वर्षी बिग टेनने बोलावलं आणि ऑरेगॉन स्टेटला कुणी विचारलं नाही. त्यांचं कॉर्वालिस आणि आमचं पुलमन ही लहान गावं आहेत, तिथे टीव्हीचे ग्राहक कमी, एवढंच कारण. ही गावं शंभर वर्षांपूर्वीही लहानच होती. ऑरेगॉन स्टेट तर 1915 च्या चार संस्थापकांपैकी एक.

मागे राहिल्यावर जे झालं ते आणखी वाईट. ऑरेगॉन स्टेटचा स्वतःचा माजी खेळाडू असलेला कोच जोनाथन स्मिथ नोव्हेंबर 2023 मध्ये मिशिगन स्टेटला गेला. आमचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला, आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. बास्केटबॉलचा संघ 2024 मध्ये 2008 नंतर प्रथमच एनसीएए स्पर्धेत पोचला, आणि लगेच कोच काइल स्मिथ स्टॅनफर्डला गेले. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण आधी शिडी काढून घ्यायची आणि मग ‘वर का येत नाहीत’ असं विचारायचं, हा न्याय नव्हे.

‘टीव्हीचा पैसा वाढला, सगळी विद्यापीठं सुधारली.’

पैसा वाढला हे खरं. बिग टेनचा 2022 चा करार सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरच्या वर आहे. पण तो सगळ्यांना सारखा मिळतो हे खोटं. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन यांना सुरुवातीला सुमारे 3 कोटी डॉलर ठरले, म्हणजे जुन्या सदस्यांच्या निम्म्याच्या आसपास. स्टॅनफर्ड आणि कॅल यांनी एसीसीच्या टीव्ही उत्पन्नातला 30 टक्केच हिस्सा सात वर्षांसाठी मान्य केला. त्यांच्यासोबत एसीसीत गेलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं एक पैसाही न घेण्याचं कबूल केलं. फायदा होणार म्हणून गेलेल्यांनी फक्त आत जागा मिळावी यासाठी एवढी किंमत मोजली.

यूसीएलएचं उदाहरण तर डोळ्यासमोर आहे. तिथल्या क्रीडा विभागाला तीन वर्षांत 10 कोटी डॉलरच्या वर तोटा झाला होता, म्हणून बिग टेनमध्ये जाणं भाग आहे असं सांगण्यात आलं. गेल्यावर काय? विमान, जेवण, अभ्यासाची मदत यांचा वाढीव खर्च वर्षाला कोटी डॉलरच्या घरात. शिवाय आपल्या जाण्याने कॅलचं नुकसान झालं म्हणून कॅलला तीन वर्षं दर वर्षी 1 कोटी डॉलर द्यावेत, असा निर्णय विद्यापीठाच्या नियामक मंडळाने 2024 मध्ये दिला. दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठाच्या शाखा. एका खिशातून काढून दुसऱ्यात.

मोठ्या कॉन्फरन्समधला पैसा जातो कुठे, तेही एकदा बघाच. टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये फुटबॉल कोच जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा करारानुसार 7.5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यावी लागली. काम करण्यासाठी नव्हे, काम थांबवण्यासाठी. आणि वॉशिंग्टन स्टेटने, जिथे शिकत असताना केनियाच्या हेन्री रोनोने 1978 मध्ये 81 दिवसांत धावण्याचे चार जागतिक विक्रम केले, जून 2025 मध्ये भालाफेक, गोळाफेक, उड्या हे फील्ड प्रकार बंद केले आणि कमी अंतराच्या शर्यतींनाही कात्री लावली.

‘प्रवास वाढला, पण विमानं आहेत.’ हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात फक्त फुटबॉल आहे. फुटबॉलच्या वर्षाला बारा मॅच, त्यातल्या पाच-सहा परगावी, त्याही बहुतेक शनिवारी आणि खास विमानाने. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, टेनिस यांचं तसं नाही. लॉस एंजेलिस ते बिग टेनचं दुसरं टोक असलेलं न्यू जर्सी हे हवाई अंतर 3,900 किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी 3,000 सुद्धा भरत नाही. त्यात घड्याळ तीन तासांनी पुढे.

ओळखीच्या एका मराठी घरातली मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. तिचा ऑक्टोबरमधला एक आठवडा तिच्या आईने मला सांगितला: बुधवारी दुपारी निघाली, शुक्रवारी एक मॅच, शनिवारी दुसऱ्या राज्यात बस, रविवारी दुसरी मॅच, सोमवारी पहाटे दोनला होस्टेलवर, आठला लॅब. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची क्विझ हॉटेलच्या लॉबीत बसून दिली, शेजारी नाश्त्याच्या ट्रॉल्या चाललेल्या. पूर्वी हीच मुलगी दोन तासांच्या विमानाने जाऊन रविवारी संध्याकाळी घरी जेवायला असायची. आई म्हणाली, ‘मॅच टीव्हीवर बघते हो मी, पण मुलगी झोपलेली बघायला मिळत नाही.’

जुन्या लढती टिकल्या, हा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करतो. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम 2011 नंतर 2024 मध्ये पुन्हा भिडले, ते रीअलाइनमेंटमुळेच. स्टॅनफर्ड आणि कॅल एकत्र गेले म्हणून त्यांची लढत शाबूत. पण ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातली ‘बेडलॅम’ 4 नोव्हेंबर 2023 च्या मॅचनंतर थांबली. आमची अ‍ॅपल कप, म्हणजे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्धची लढत, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातून उचलून सप्टेंबरमध्ये टाकली. 2024 मध्ये ती आम्ही 24-19 अशी जिंकली आणि मी घरात ओरडलो, ते वेगळं. पण सीझनचा शेवट तिच्यावर ठरायचा, अख्खं राज्य आठवडाभर दोन भागांत वाटलं जायचं, ते संपलं.

खेळाडूंच्या पैशाबद्दल एकच सांगतो. तो रीअलाइनमेंटने दिलेला नाही. तो खेळाडूंनी कोर्टात भांडून मिळवला: 2021 चा अ‍ॅल्स्टन निकाल, आणि जून 2025 मध्ये मंजूर झालेली हाउस तडजोड. बिग टेनने 700 कोटींचा करार केला तेव्हा त्यातला एक डॉलरही थेट खेळाडूंच्या हाती पडणार नव्हता.

‘त्या दोघांनी खटला भरला, पैसे मिळवले, नवी पॅक-12 उभी केली, मग तक्रार कसली?’ असंही त्या मजकुरात शेवटी आहे. कोर्टाचा कौल त्यांच्या बाजूने आला आणि मग तडजोडीत जाणाऱ्या दहा विद्यापीठांना मिळून 6.5 कोटी डॉलर सोडावे लागले, हे खरं. पण जुलै 2026 पासूनची पॅक-12 उभी राहते ती बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट आणि युटा स्टेट यांना माउंटन वेस्ट या कॉन्फरन्समधून काढून घेऊन. त्यावरून नवे खटले झाले. माउंटन वेस्टने मग इतरांकडून विद्यापीठं घेतली. इलिनॉयच्या मक्याच्या पट्ट्यातलं नॉर्दर्न इलिनॉय आता फुटबॉलपुरतं हवाईच्या गटात. आमच्यावर आलेलं दुखणं आम्ही खाली ढकललं. माझ्या विद्यापीठानेही हे केलं, ते मला इथे लपवायचं नाही.

राहिला शेवटचा दावा, मागे फिरता येत नाही हा. फिरता येतं, आणि एकजण फिरलाय. कनेटिकट विद्यापीठ ज्या बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये होतं ती 2013 मध्ये फुटबॉलच्या पैशापायी फुटली. जॉर्जटाउन, व्हिलानोव्हासारख्या सात कॅथलिक विद्यापीठांनी बास्केटबॉल जपायचा म्हणून वेगळी वाट धरली. कनेटिकट दुसऱ्या गटात अडकलं, ह्यूस्टन आणि टल्सापर्यंत संघ फिरवत राहिलं. शेवटी 1.7 कोटी डॉलर भरून ते 2020 मध्ये आपल्या शेजाऱ्यांमध्ये परत आलं, आणि फुटबॉलचा संघ कुठल्याही कॉन्फरन्सविना ठेवला. बाकीच्या खेळांच्या बऱ्याच मॅच पुन्हा बसच्या अंतरावर आल्या. पुरुष बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद 2023 आणि 2024 मध्ये त्यांनी सलग जिंकलं, महिलांनी 2025 मध्ये.