‘कायमचे बरे करून देतो’ हे आश्वासन सोरायसिसच्या रुग्णाला सर्वांत महागात पडते

सोरायसिस झालेल्या माणसाला सोलापुरात सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. कोपरावरचा चट्टा दिसला की कोणी दूरच्या एखाद्या गावच्या पुडीविषयी सांगते, कोणी दही आणि वांगे बंद करायला लावते, कोणी थेट शेंगाचटणीला दोष देते, आणि बहुतेक सल्ल्यांचा शेवट ‘तिथे कायमचे बरे होते’ या वाक्याने होतो. हा आजार अंगावर वागवत मी संसाराची आणि शाळेतल्या नोकरीची बहुतेक वर्षे काढली आहेत. इतक्या वर्षांनंतर माझे ठाम मत झाले आहे की चट्टे रुग्णाचे जेवढे नुकसान करतात, त्याहून अधिक नुकसान हे आश्वासन करते.

आजाराचे स्वरूप आधी सांगते, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. आपल्या त्वचेच्या पेशी खालच्या थरात तयार होऊन वर येतात आणि गळून पडतात. निरोगी त्वचेत या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेविरुद्ध चिथावली जाते आणि तोच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. पेशींना पक्व व्हायला आणि गळून पडायला वेळ मिळत नाही, म्हणून त्यांचे थर साचतात आणि चंदेरी खपल्या दिसू लागतात. गोऱ्या त्वचेवर हे चट्टे लाल दिसतात, आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ते पुष्कळदा जांभळट किंवा काळपट असतात, आणि त्यामुळे सुरुवातीला नायटा समजून बुरशीचे मलम लावण्यात महिने जातात. हा आजार स्पर्शाने, ताटातून, टॉवेलमधून किंवा पाण्यातून पसरत नाही. अस्वच्छतेने होत नाही, रक्त ‘अशुद्ध’ झाल्याने तर मुळीच होत नाही. प्रवृत्ती आनुवंशिक असते, आणि निमित्त बाहेरचे मिळते. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली सोरायसिसविषयी जो ठराव संमत केला, त्यात हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आजार असून तो समूळ बरा करणारा उपचार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. तो आटोक्यात मात्र येतो, आणि आज उपलब्ध असलेल्या औषधांनी पुष्कळ जणांचा चांगला आटोक्यात येतो. मधुमेह किंवा रक्तदाब झालेल्या माणसाला आपण हेच सांगतो आणि तो ते स्वीकारतो. त्वचेच्या बाबतीत तेवढा स्वीकार आपल्या समाजात अजून झालेला नाही.

समूळ बरे होण्याची आशा ज्याच्या मनात रुजवली गेली आहे, त्याच्यासाठी आजाराचे प्रत्येक पुनरागमन हा पराभव ठरतो. डिसेंबरात सोलापूरची हवा कोरडी पडते, त्वचा तडकते, आणि पावसाळ्यात जवळजवळ नाहीसे झालेले चट्टे पुन्हा वर येतात. घरातले म्हणतात, पथ्य मोडले असेल. हळूहळू रुग्ण स्वतःच स्वतःला जाब विचारू लागतो की काल काय खाल्ले, कोणता विचार केला, कुठे चुकले. वास्तविक विशिष्ट भाजीने किंवा दह्याने सोरायसिस वाढतो असे सिद्ध झालेले नाही. वजन आटोक्यात ठेवल्याने फायदा होतो, दारू आणि धूम्रपानाने त्रास वाढतो, एवढे मात्र निश्चित. इतर निमित्ते पुष्कळदा आपल्या हाती नसतात. घशाच्या जिवाणू संसर्गानंतर अंगभर बारीक ठिपके उठू शकतात, रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी चट्टे चिघळू शकतात, आणि जिथे त्वचा घासली किंवा खरचटली तिथेच नवा चट्टा उमटू शकतो. परकराची नाडी कमरेला जिथे काचते तिथे चट्टा का जात नाही, हे कोड्यात पडलेल्या अनेक बायकांना कोणी कधी समजावून सांगितलेले नसते. सैल, रुंद पट्ट्याचा परकर हा त्यांच्यासाठी उपचाराचाच भाग आहे.

पुडीचे दुष्परिणाम मी जवळून पाहिले आहेत. आमच्या ओळखीतल्या एका यंत्रमाग कामगाराने ‘मुळापासून काढून टाकतो’ असे सांगणाऱ्या एका माणसाकडून बिननावाची पूड आणली. काही आठवड्यांत त्यांचे अंग स्वच्छ झाले आणि त्यांनी ती बातमी आनंदाने सर्वांना सांगितली. पैसे संपले तशी पूड थांबली, आणि त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत सगळे अंग लाल होऊन सोलू लागले, थंडी भरून आली, रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या पुडीत काय होते हे शेवटपर्यंत कळले नाही, परंतु डॉक्टरांना संशय होता तो स्टेरॉइडचा, म्हणजे दाह झटपट दाबणाऱ्या औषधाचा. पोटात घेतलेले स्टेरॉइड सोरायसिसच्या रुग्णाने एकाएकी बंद केले तर आजार अशा उग्र रूपात उसळू शकतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. मी कोणत्याही पॅथीच्या विरोधात नाही. माझा आग्रह इतकाच आहे की जे पोटात जाणार आहे त्याचे नाव कागदावर लिहून मिळाले पाहिजे.

मलमांची गोष्टही वेगळी नाही. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मेडिकलमध्ये मागताच ट्यूब हातात पडते. महिनोन्महिने मनाने लावलेल्या तीव्र मलमाने त्वचा पातळ होते.

खरे उपचार मंद आणि कंटाळवाणे आहेत, आणि तेच टिकतात. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावणे, चट्ट्यांवर जीवनसत्त्व ड वर्गातले किंवा ठरावीक काळापुरते स्टेरॉइडचे मलम, टाळूसाठी कोळशाच्या डांबराचा शाम्पू. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आणि बोअरच्या जड पाण्यावर भागवणाऱ्या आपल्या शहरात यातली अंघोळसुद्धा नियोजनाचा विषय होते. आजार जास्त असेल तर मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या येतात. ही गोळी स्वस्त आहे आणि जगभर अनेक दशके वापरात आहे, परंतु ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि अशा चुकीने माणसे दगावली आहेत. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्ताची आणि यकृताची तपासणी, दारू पूर्ण बंद, आणि स्त्रियांनी या काळात गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते. वाराचे नाव मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिले पाहिजे असे मला कळकळीने वाटते, कारण आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत ती चिठ्ठी वाचणारे शाळेतले मूल असते.

आता मनाविषयी, कारण ते सर्वांत कमी बोलले जाते. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि गल्लोगल्ली हळदीकुंकवाचे कार्यक्रम असतात. वाण देताना हात पुढे करावाच लागतो. माझ्या हातावरचे चट्टे पाहून एखादीची बोटे क्षणभर थबकतात, ती अत्तर मनगटाला न लावता हवेतच फिरवते, आणि आपण दोघीही काही घडले नाही असे दाखवतो. कोणी वाईट वागले असे म्हणता येत नाही, भांडता येत नाही, आणि घरी येऊन सांगण्यासारखेही काही उरत नाही. अशा प्रसंगांचा साठा वर्षानुवर्षे होत गेला की माणूस आमंत्रणे टाळू लागतो, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवतो, गडद रंगाच्या साड्या सोडतो कारण खांद्यावरचा कोंडा त्यांवर उठून दिसतो. लग्नाच्या मुलींची अवस्था याहून कठीण असते. आजार लपवून लग्न ठरवावे असा दबाव घरच्यांकडूनच येतो, आणि लग्नानंतर उपचारही लपून करावे लागतात किंवा सुटतात. लपवण्याचा सल्ला देणाऱ्या आईवडिलांची भीती मला समजते, पण तो सल्ला मला पटत नाही; मुलीला जन्मभर सांभाळायची गोष्ट पहिल्या दिवसापासून चोरून सांभाळायला लावणे अन्यायाचे आहे.

सोरायसिसच्या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक असते, हे डॉक्टरांना माहीत असते. तरीही गर्दीच्या ओपीडीत चट्टे पाहिले जातात आणि झोप लागते का, घराबाहेर पडता का, हे विचारायचे राहून जाते. यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफ येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ साली दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती संकोच वाटला, कपडे निवडताना किती विचार करावा लागला, कामात, मैत्रीत, पतिपत्नीच्या संबंधांत किती अडचण आली, आणि उपचारांमुळेच घरात किती पसारा झाला किंवा वेळ गेला, हेसुद्धा त्यात विचारलेले आहे. ती भरायला काही मिनिटे पुरतात. बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णाच्या हाती असा एक कागद दिला, आणि लिहिता न येणाऱ्याला परिचारिकेने प्रश्न वाचून दाखवले, तरी डॉक्टरांसमोर चट्ट्यांबरोबर माणूसही येईल. ज्यांना आजच कोणाशी तरी बोलण्याची गरज आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

त्याच ओपीडीत सांध्यांविषयीही विचारले जावे. सकाळी उठल्यावर बोटे आखडणे, एखादे बोट सगळेच्या सगळे सुजणे, नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडणे या खुणा असतील तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. विडी वळणाऱ्या बाईची बोटे गेली तर तिची रोजची कमाईच जाते.

शेवटची गोष्ट फोटोथेरपीची. ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा हा उपचार पोटातल्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ जणांना सुरक्षित पडतो, गर्भवतींनाही देता येतो. आपल्या उन्हात बसून हे काम होईल असे समजू नये, कारण भाजलेल्या त्वचेवरही नवे चट्टे उठतात आणि इथला एप्रिल भाजल्याशिवाय सोडत नाही. अडचण अशी आहे की त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा, सलग काही महिने जावे लागते, आणि ही सोय जिथे आहे तिथे ती बहुधा सकाळच्या कामाच्या वेळेत असते. मागावर उभ्या असलेल्या माणसाची त्या प्रत्येक फेरीला पाळी बुडते. सोलापुरातल्या सरकारी आणि खासगी अशा सर्वच त्वचारोग विभागांनी आठवड्यातले किमान तीन दिवस संध्याकाळी सात ते नऊ हे यंत्र सुरू ठेवावे, अशी माझी मागणी आहे. ज्यांना ती योग्य वाटते त्यांनी आपापल्या नगरसेवकांकडे आणि आपण जिथे उपचार घेतो तिथे ती लेखी द्यावी.