"वर्डप्रेस सोडा, स्वतःचं सीएमएस बनवा" हा मेसेज पुढे पाठवू नका

हा मेसेज आता माझ्या ताईपर्यंत पोचलाय आणि ती खरंच विचारतेय की साईट बदलू का. तिचा धंदा आत्ता कुठे वाढायला लागलाय. मेसेज म्हणतो, वर्डप्रेस (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) फक्त ब्लॉगसाठी असतं, कोड सगळ्यांना उघडा म्हणून हॅक होतं, त्यापेक्षा कस्टम सीएमएस, म्हणजे साईटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर खास आपल्यासाठी लिहून, करून घ्या, खर्च एकदाच आणि गूगलमध्येही वर याल.

ब्लॉगचं पटकन संपवू. २००३ साली सुरुवात ब्लॉगपासूनच झाली, खरंय. पण अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साईट २०१७ मध्ये ड्रूपल हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर सोडून वर्डप्रेसवर आली, अजून काय सांगायचं.

'कोड उघडा म्हणून धोका' हे मात्र वाचून संताप येतो, कारण लोक यावर विश्वास ठेवून पैसे घालवतात. २०१७ मध्येच काय झालं बघा. वर्डप्रेस ४.७ च्या रेस्ट एपीआयमध्ये (दुसरे प्रोग्रॅम साईटशी बोलतात तो भाग) असा बग, म्हणजे कोडमधली चूक, निघाला की लॉगिन न करता कोणीही तुमची पोस्ट बदलू शकेल. सुकुरी या सिक्युरिटी कंपनीने तो शोधून गुपचूप कळवला, २६ जानेवारीला ४.७.२ आलं, ऑटो अपडेट चालू होतं त्या साईट्स आपोआप दुरुस्त झाल्या, आणि बग नेमका काय होता हे मुद्दाम थांबून १ फेब्रुवारीला जाहीर केलं. मग हॅकर तुटून पडले, लाखो पानं बिघडवली, पण ती अपडेट न केलेल्या साईट्सची. आता असाच बग एका डेव्हलपरने लिहिलेल्या, दुसऱ्या कोणी कधी न तपासलेल्या कोडमध्ये असेल तर तो शोधणार कोण, दुरुस्त कोण करणार, आणि तो माणूस तोवर दुसरीकडे नोकरीला लागला असेल तर? बॉट, म्हणजे हॅकरचे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, वर्डप्रेसच्या साईट्स हुडकत फिरतात, कस्टमला तेवढा त्रास देत नाहीत, एवढं अर्धसत्य आहे यात. प्लगिनचंही (साईटला वरून जोडायच्या जादा सोयी) मान्य, बहुतेक बग तिथेच निघतात. मग नको ते प्लगिन डिलीट करा, नुसतं बंद करून भागत नाही, फाईल्स सर्व्हरवर तशाच राहतात.

'एकदाच खर्च' ही तर थापच, पीएचपी, म्हणजे साईटचा कोड ज्या भाषेत लिहिलेला असतो, तिचं व्हर्जन बदललं की परत त्याच डेव्हलपरच्या मागे पळा.

आणि गूगल सीएमएस बघून नंबर देत नाही. उलट साईट हलवताना जुन्या लिंकना ३०१ रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून कायमचं नव्या पानावर पाठवणारी सूचना) लावले नाहीत तर आहे तेही रँकिंग जाईल.

तरीही कोणाला कस्टमच हवं असेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी लेखी घ्या: कोड कोणाच्या मालकीचा, सगळा डेटा बाहेर कसा काढता येईल, आणि सिक्युरिटीचा बग निघाला तर किती दिवसांत कोण दुरुस्त करणार.