लेकीची सुट्टीतली नोकरी आणि 120 सेंटिमीटरची खूण

बारावीची परीक्षा संपली की मुलांनी सुट्टीत काय करायचं याचे ठराव आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत आधीच पास झालेले असतात. सीएचा क्लास, नाहीतर कुठल्यातरी प्रवेशपरीक्षेचा क्लास, नाहीतर पुण्याला मावशीकडे. नोकरी त्यात कुठेच नसते. त्यातून ती शहराबाहेरच्या अम्यूझमेंट पार्कमध्ये, भर उन्हात राइडच्या गेटवर उभं राहायची असेल तर विचारूच नका. माझ्या लेकीनं या मे महिन्यात तेच केलं. त्यावरून घरात, सोसायटीत आणि फॅमिली ग्रुपवर इतकं ऐकून घेतलंय की आता माझंही थोडं ऐका. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "कुठे लागली? बँकेत?" त्यांना हसण्यात अर्थ नाही. दांडिया बाजारातल्या त्या घरात नोकरी म्हणजे आधी बडोदे राज्याची, मग युनिव्हर्सिटीची, नाहीतर सयाजीराव महाराजांनी 1908 साली काढलेल्या बँकेची. शेवटी पेन्शन, आणि भिंतीवर निरोप समारंभाचा हार घातलेला फोटो. टी-शर्ट-टोपी घालून शिट्टी वाजवायची नोकरी त्या भिंतीवर कुठे लावणार? दीरांनी ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काही अडचण आहे का रे?" म्हणजे पैशाची. अमेरिकेत कोणाचा मुलगा हॉटेलात भांडी घासतो हे आम्ही लग्नाच्या पंगतीत कौतुकानं सांगतो. तेच इथे केलं की घरात काहीतरी बिनसलंय.

ज्यांनी कौतुक केलं त्यांचंही मला सगळंच पटलं नाही. "बरं झालं, कष्टाची किंमत कळेल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. कष्टाची किंमत कळायला पार्कात कशाला जायला हवं? मे महिन्यात गॅसपुढे उभं राहून पोळ्या लाटल्या तरी कळते. पगाराचं म्हणाल तर आकडा सांगत नाही, तो ग्रुपवर पुरेसा चघळून झालाय. पहिल्या पैशातून तिनं सगळ्यांना कीर्तिस्तंभाजवळ सेव उसळ खायला घातली आणि स्वतःसाठी बूट घेतले, कारण आधीच्या बुटांचे तळवे तापलेल्या काँक्रीटनं सुटले होते.

तिला जे मिळालं ते वेगळंच, आणि त्यासाठीच ही पोस्ट. पण आधी काम काय होतं ते सांगते.

पार्क उघडायच्या बऱ्याच आधी हजर व्हायचं. टेक्निशियन प्रत्येक राइड रिकामी फिरवतात, पिना-बोल्ट बघतात, आवाज वेगळा येतोय का ते कान देऊन ऐकतात आणि तक्त्यावर सही करतात. मग ऑपरेटर पॅनलवर बसतो आणि गेटवरच्या मुलांचं काम सुरू होतं. लेकीला मिळालं झुलतं जहाज. दोन टोकांना माणसं बसतात, ते इकडून तिकडे हेलकावतं आणि वर गेल्यावर पोटात गोळा येतो, तेच. रांगेतून माणसं मोजून सोडायची. ओढण्या गाठ मारून खोचायला लावायच्या, मोकळे केस बांधायला लावायचे, चष्मे आणि मोबाइल ठेवून घ्यायचे. सगळे बसले की मांड्यांवर येणारा प्रत्येक बार हातानं ओढून बघायचा आणि मगच ऑपरेटरला अंगठा दाखवायचा. अंगठा दिसल्याशिवाय तो बटण दाबत नाही. अठरा वर्षांच्या मुलीच्या अंगठ्यावर जहाजभर माणसं अवलंबून, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि मी तर जमिनीवर होते.

गेटला लागून एक पट्टी रंगवलेली, तिच्यावर 120 सेंटिमीटरची खूण. त्याखालच्या मुलाला आत सोडायचं नाही. आईबाप इथे वयावर भांडतात, "आठ पूर्ण झालेत, नववं चालू आहे". पण बारला वय कळत नाही. तो मोठ्या माणसाच्या मांड्यांच्या हिशेबानं बनवलेला असतो. लहान मूल त्याच्याखालून सरकतं, आणि जहाज वर जाऊन उलट फिरताना अंग सीटवरून उचललं जातं तेव्हा धरायला नेमका तोच कमी पडतो. बाप म्हणतो, मी धरून बसतो ना! त्यात तर आणखी घोळ आहे. दोघांना मिळून एकच बार असेल तर तो बापाच्या पोटाला लागून थांबतो आणि पोराच्या मांडीवर वीतभर फट राहते. बाप जितका गुटगुटीत तितकी फट मोठी. हे मला लेकीनं आमच्या सोफ्यावर ह्यांच्या शेजारी बसून, मध्ये लाटणं आडवं धरून दाखवलं. ह्यांना ते फारसं आवडलं नाही.

आता कल्पना करा. रविवारची दुपार, पारा बेचाळीसच्या पुढे, रांगेत तासभर उभं राहिलेलं कुटुंब आणि भोकाड पसरलेलं मूल. "बेन, बेसवा दो ने! छोकरो रडे छे, दया नथी आवती?" (बसू द्या ना, पोरगं रडतंय, दया येत नाही?) मग, "हमणां ज बीजी राइडमां बेठो हतो, त्यां कोईए ना नथी पाडी." (आत्ताच दुसऱ्या राइडमध्ये बसला होता, तिथे कोणी नाही म्हटलं नाही.) मग आवाज चढतो, "मेनेजरने बोलावो." कोणी पोराला चवड्यांवर उभं करतं, कोणी बुटात रुमाल घालून आणतं. एका आजींनी तर नातवाचे केस वर उभे करून ते धरून ठेवले होते. हे सगळं थांबवायला उभी कोण, तर जिला आपण अठरा वर्षं शिकवलं की मोठ्यांना उलट बोलायचं नाही, पाहुण्याला नको म्हणायचं नाही, काका सांगतात तर ऐकावं.

आणि काका आलेच. आमच्याच ओळखीतले, गणपतीत आरतीला नेमानं भेटणारे. बरोबर सुरतेहून आलेला नातू, खुणेच्या बोटभर खाली. लेकीला ओळखून म्हणाले, "अगं, तू अमक्यांची नात ना? मग झालं तर, घरचंच आहे." ती म्हणाली, "काका, नाही बसता येणार. त्याला छोट्या झोपाळ्यावर घेऊन जा, तिथे रांगही कमी आहे." काकांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. रात्री काकांचा मला फोन. मुलगी फार फटकळ झाली आहे, चारचौघांत अपमान केला, नोकरीनं मुली अशा होतात म्हणून आम्ही आमच्या मुलींना पाठवत नाही, वगैरे. मी म्हटलं, "काका, नातू सुखरूप सुरतेला पोचला ना? मग ती तिचं काम करत होती." त्यानंतर ते मला आरतीला दिसले, पण मी त्यांना दिसले नाही.

फटकळ हा शब्द मी खूप घोळवला. तिनं आवाज चढवला नव्हता, काकांना काकाच म्हटलं होतं, दुसरी सोयही सुचवली होती. आपल्याला खटकतं ते इतकंच, की वयानं लहान माणसानं नाही म्हटलं आणि आपलं मोठेपण तिथे चाललं नाही.

इथे मला हरणीबद्दल लिहावंच लागेल. बडोदेकरांना तारीख सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवले होते आणि पुष्कळ मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. खटला, ठेकेदार, जबाबदाऱ्या, ते सगळं कोर्ट बघेल. मी आई म्हणून फक्त धक्क्यावरचा तो क्षण पुन्हा पुन्हा बघते. बोट भरत असताना तिथे कोणालातरी म्हणता यायला हवं होतं, "बस, आता एकही नाही. उरलेली पुढच्या फेरीला." तसं म्हटलं असतं तर कोणीतरी चिडलं असतं, उशीर होतोय म्हणून कुरकुर झाली असती. तेवढंच.

सगळे अपघात गेटवर थांबत नाहीत, हे मलाही कळतं. अहमदाबादला कांकरियाला 14 जुलै 2019 रोजी फिरती राइडच तुटून खाली आली आणि दोन जण गेले. त्यात गेटवरचं पोर काय करणार होतं? राजकोटच्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 ला, ऐन सुट्टीच्या शनिवारी, आग लागली आणि 27 माणसं गेली. तिथे प्रश्न परवानग्यांचा, बांधकामाचा, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा होता. यंत्र तपासणं आणि परवाना नाकारणं हे पगारी, शिकलेल्या, मोठ्या माणसांचं काम आहे आणि ते पोरांच्या गळ्यात घालू नये. पण जास्तीचं माणूस, कमी उंचीचं मूल, न लावलेला पट्टा हे जिथे आत शिरतं त्या जागी आपल्याकडे बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात लहान वयाचा माणूस उभा असतो. आणि त्याच्यावर ओरडायला आपण, सुशिक्षित मध्यमवर्ग, सगळ्यात पुढे.

म्हणून नोकरीला पाठवताना पगार आणि बस यांच्याआधी विचारायची गोष्ट वेगळी आहे. मुलीनं नाही म्हटलं तर तिच्या मागे कोण उभं राहणार?

लेकीच्या नशिबानं पहिला सुपरवायझर चांगला होता. कोणी ओरडायला लागलं की शांतपणे येऊन तिच्या शेजारी उभा राहायचा आणि तिचंच वाक्य पुन्हा म्हणायचा. "ऊंचाई ओछी छे, नहीं बेसाय." (उंची कमी आहे, बसता येणार नाही.) बास. तिला बाजूला सारून नवा निर्णय द्यायचा नाही. नंतर त्याची पाळी बदलली आणि दुसरा आला. एका संध्याकाळी मोठा ग्रुप होता, कोणाच्यातरी ओळखीचा. तिनं एका मुलीला अडवलं आणि ह्यानं लांबूनच हात हलवून खूण केली, जाऊ दे. मुलगी आत जाऊन बसली, पण लेक बधली नाही. ऑपरेटरकडे बघून तिनं अंगठा दाखवायचा नाही असं ठरवलं, आणि तो ऑपरेटर, त्याचं भलं होवो, बटणाला हात न लावता बसून राहिला. शेवटी त्या मुलीला उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून लेकीला लॉकरच्या काउंटरवर बसवलं. चाव्या द्यायच्या, अनामत परत करायची. सावलीतलं काम आहे, असं तिला सांगितलं. पार्कचं नाव मी लिहिणार नाही. इनबॉक्समध्ये विचारू नका.

ती रडली. मला राग आला होता आणि मी म्हटलं, सोड. तिनं सोडलं नाही, महिना पूर्ण केला. तो तिचा निर्णय, मी मध्ये पडले नाही.

वयाबद्दल थोडं. लेकीला जानेवारीत अठरा पूर्ण झाली होती आणि पार्कनं आधार कार्ड बघूनच घेतलं. तुमचं मूल त्याहून लहान असेल तर लक्षात ठेवा. बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे चौदाच्या आत बाहेर कामाला ठेवायला बंदीच आहे. चौदा ते अठरामधल्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत आणि बाकी कामांतही संध्याकाळी सातनंतर थांबवून घेता येत नाही. पार्कची खरी गर्दी सातनंतरच असते, तेव्हा "चालतं हो" म्हणणारा मालक भेटला की तिथूनच परत फिरा.

माझी मावसबहीण ओहायोत असते. तिच्या मुलीनं पंधराव्या वर्षी तिथल्या पार्कमध्ये उन्हाळाभर आइस्क्रीम विकलं. राइडवर का नाही, असं मी विचारलं तेव्हा कळलं की तिकडच्या केंद्राच्या 1938 च्या मजुरी कायद्याखालच्या नियमांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना खाण्याच्या काउंटरवर किंवा तिकीटखिडकीवर ठेवता येतं, पण राइड चालवायला किंवा तिथे माणसं चढवायला-उतरवायला नाही. त्यासाठी किमान सोळा लागतात. तिकडचं सगळंच सोन्याचं आहे असं नाही. त्याच कायद्यात हंगामी पार्कांना किमान वेतनातून सूटही आहे, म्हणजे पोरं स्वस्तात मिळतात. पण कोन हातात द्यायचं काम आणि माणसाला अडवायचं काम यांत फरक आहे, एवढं कोणाच्यातरी डोक्यात आलं आणि त्यानं ते लिहून ठेवलं.

परवा पार्कमधून फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते, येशील का? लेक आता युनिव्हर्सिटीत बीकॉमला जाते, तिला पैसे हवेच आहेत. तिनं विचारलं, "कुठे? लॉकरला की गेटवर?" पलीकडून उत्तर आलं, जहाजाला माणूस कमी आहे. मग हिनं विचारलं की पाळीला सुपरवायझर कोण आहे. "बघून सांगतो," म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.