सुमनताईंचं गाणं सुमनताईंच्याच नावावर राहू द्या

आज सोसायटीच्या कार्यक्रमात एका कॉलेजच्या मुलीने 'केतकीच्या बनी' म्हटलं. काय सुरेख म्हटलं! टाळ्या थांबेनात. आणि निवेदक माइक हातात घेऊन म्हणतो, "वा, लतादीदींचं अजरामर गाणं!" मी जागेवरूनच ओरडले, अहो, सुमन कल्याणपूर! तर म्हणे, "अच्छा, त्या होय? सेम लतासारख्या गायच्या त्या."

झालं. तिथून डोकं फिरलंय ते अजून जागेवर नाही.

आमच्या घरी असलं बोलणं खपायचं नाही. रेडिओवर 'आपली आवड' लागलं आणि सुमनताईंचं नाव येईलसं वाटलं की आई स्टोव्हची हवा सोडायची. फरफरत्या स्टोव्हमध्ये गायिकेचं नाव ऐकू येत नाही म्हणून! मामा आला असेल तर पैज ठरलेली. तो म्हणायचा लता, आई म्हणायची सुमन. हरेल त्याने भेळ आणायची. भेळ बहुतेक वेळा मामाच आणायचा.

हो, आवाज मिळताजुळता होता, मान्य. लता आणि रफी यांचं रॉयल्टीवरून बिनसलं म्हणून रफींबरोबरची कितीतरी गाणी हिच्याकडे आली, तेही मान्य. पण मग ती गायली कोणी? 1965 चं 'ना ना करते', 1968 चं 'आजकल तेरे मेरे'. लग्नाच्या वरातीत अजून वाजतात आणि नाचणाऱ्या दहाजणांना विचारा, गायिका कोण? जाऊ दे.

ढाक्यात जन्मलेली, लहानपणीच मुंबईला आलेली ही सुमन हेमाडी. जे.जे.मध्ये चित्रकला शिकली, केशवराव भोळ्यांकडे गाणं शिकली. 1954 मध्ये 'मंगू'पासून सिनेमात गायला लागली. मराठीत तर काय सांगू! अशोक पाटकींनी चाल लावलेलं 'नाविका रे' ऐका. स्वर लावताना जोर नाही, दाखवेगिरी नाही, ओळ संपते तिथे आवाज नुसता सैल सोडलाय. 'निंबोणीच्या झाडामागे' म्हणत आपल्यातल्या किती जणींनी पोरं झोपवली? मीही झोपवली. पोरगी झोपायची आणि मी आपली शेवटच्या कडव्यापर्यंत गातच राहायचे.

असो, चिडून काय होणार. बाईंनी स्वतः कधी तक्रारीचा सूर लावला नाही, मी कोण लावणार?

नाही, लावणारच. महाराष्ट्र सरकारने त्यांना पुरस्कार दिला, त्याचंही नाव काय तर लता मंगेशकर पुरस्कार! पद्मभूषण मिळालं 2023 मध्ये, शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर. एवढा वेळ कसली वाट बघत होतात रे?

आईच्या पैजेत एकदाच घोळ झाला. विविध भारतीवर 1959 च्या 'चांद'मधलं 'कभी आज कभी कल' लागलं. मामा म्हणाला लता, आई म्हणाली सुमन. निवेदकाने दोन्ही नावं घेतली! दोघी एकत्र गायल्यात त्यात. मग भेळ कोणी आणायची यावरून जे भांडण झालं, ते शेवटी आजीने पैसे देऊन मिटवलं. ऐका ते गाणं, आणि कोणती ओळ कोणाची ते ओळखून दाखवा. आईला ओळखता यायचं.

आणि खाली कमेंटमध्ये कृपया 'दोघीही ग्रेट' लिहू नका. ते मलाही माहीत आहे.