‘चाळिशीनंतर टायपिंग येत नाही’ हे कुणी ठरवलं?

गेल्या आठवड्यात धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. “ताई, मी क्लास सोडला. माझं वय निघून गेलं गं.” ती ४३ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिचे यजमान गेले आणि तिला अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची नोकरी मिळाली. आता मराठी टायपिंगचं, मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं आहे. पाच आठवडे ती ऑफिस सुटल्यावर नेमाने क्लासला जात होती. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘चाळिशीनंतर टायपिंग क्लास लावणाऱ्यांनो, पैसे वाचवा’ असा मेसेज फिरत आला आणि तिने वही मिटली.

मेसेजमधले मुद्दे असे: चाळिशीनंतर बोटांना सवय लागत नाही. मराठीत पन्नासावर अक्षरं, ती या वयात पाठ होत नाहीत. दोन बोटांनी टाइप करणारेही तेवढेच वेगवान असतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कीबोर्डची रचना मुळात वेग कमी करायलाच केली होती. आता बोलून टाइप होतं. आणि एवढं सांगूनही कुणाला शिकायचंच असेल, तर रोज तीन तास बसा, बोटं दुखली तरी थांबू नका.

पहिल्याच मुद्द्याने माझ्या बहिणीचं नुकसान केलं, म्हणून आधी तो. वय वाढलं की नवं हस्तकौशल्य शिकायला जास्त दिवस लागतात, हे मान्य. पण जास्त दिवस लागणं वेगळं आणि न येणं वेगळं. चाळिशीत बायका स्कूटर शिकतात, शिवणाचं मशीन शिकतात, पन्नाशीत पेटी शिकतात. तिथे बोटांना सवय लागते आणि कीबोर्डवर लागत नाही, असं कसं होईल?

मी स्वतः ४१व्या वर्षी इनस्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरची मराठी कीबोर्डची रचना, शिकले. त्याआधी पंधरा वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम दोन बोटांनी, खाली बघत करत होते. तिसऱ्या आठवड्यात माझा दहा बोटांचा वेग मिनिटाला नऊ शब्द होता आणि दोन बोटांचा बावीस. मोठी माणसं क्लास सोडतात ती इथे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाताला जुनी सवय नसते, त्याचे नऊ शब्द ही त्याची कमाई असते. आपल्याला मात्र तेच नऊ शब्द बाविसातून तेरा गेल्यासारखे वाटतात. शिवाय दिवसभर कामावर जुन्याच पद्धतीने टाइप करायचं आणि संध्याकाळी अर्धा तास नवीन, म्हणजे आठ तासांची सवय त्या अर्ध्या तासावर पाणी फिरवते. याचा वयाशी संबंध नाही. बहिणीला मी विचारलं, “ऑफिसात कशी टाइप करतेस?” ती म्हणाली, “दोन बोटांनी. साहेबांना घाई असते.” अडचण ती आहे, ४३ हा आकडा नाही.

दुसरा मुद्दा वाचून तर मला राग आला, कारण लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्टचा कीबोर्ड कधी पाहिलेलाच नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाण केलेली ही रचना आपल्या वर्णमालेच्या तर्कावर उभी आहे. बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म, न, व तेवढी डावीकडे सरकलेली. जिथे क, तिथेच शिफ्ट दाबून ख. तसंच ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. दहा जागा बोटांत बसल्या की वीस अक्षरं आली. इ, ई, उ, ऊ हे स्वरसुद्धा आपापल्या मात्रेच्या बटणावर शिफ्ट दाबून मिळतात. ‘चित्रपट’ टाइप करून पाहा: च, ऱ्हस्व वेलांटी, त, हलन्त (पाय मोडायची खूण), र, प, ट. सगळा शब्द मधल्या ओळीत होतो. ‘चरित्र’ही तसाच. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर द्यायची. बाराखडी शिकलेल्या माणसाचं अर्धं काम शाळेतच झालेलं असतं, आणि मेसेज म्हणतो पाठ होत नाही!

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली तीस जणांच्या बोटांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या. स्वतःच्या मनाने शिकलेले काही जण दहा बोटांवाल्यांइतकेच वेगवान निघाले. पण ते दोन बोटांनी टाइप करत नव्हते. ते सरासरी सहा बोटं वापरत होते, आणि त्यांच्यातल्या वेगवान लोकांचं प्रत्येक अक्षर ठरलेल्या बोटानेच पडत होतं. मेसेजने जे गाळलं ते तर याहून महत्त्वाचं: हे लोक दहा बोटांवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळ कीबोर्डकडे बघत होते. मनातलं लिहिताना ते खपून जातं. परीक्षेत उतारा बघून टाइप करायचा असतो, ऑफिसात समोरच्या कागदावरून. दर शब्दाला मान खाली गेली की ओळ हरवते, एखादी ओळ सुटते, कुणाच्या तरी नावात चूक होते. ज्या संशोधनाचा हवाला देऊन क्लास सोडायला सांगताहेत, त्यातूनच नजर वर ठेवायला शिकण्याचं कारण मिळतं.

कीबोर्ड मुद्दाम संथ केला ही कथा ‘क्वर्टी’ची, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डच्या रचनेची आहे आणि तीही पुराव्याशिवाय सांगितली जाते. इनस्क्रिप्टला ती लागूच नाही. बोलून टाइप करणं मीही करते, घरी निवांत असताना. सहा टेबलांच्या खोलीत लोकांची नावं, पत्ते आणि गट नंबर मोठ्याने सांगत बसता येत नाही, आणि परीक्षेत तर प्रश्नच नाही.

शेवटचा सल्ला धोक्याचा आहे. बोटं किंवा मनगट दुखलं की थांबायचं. दुखत असताना रेटल्याने वेग वाढत नाही, दुखणं वाढतं. मी सकाळी वीस मिनिटं आणि रात्री वीस मिनिटं बसायचे, हातांवर नॅपकिन टाकून, म्हणजे खाली बघायची सोयच राहत नाही. पहिले दोन आठवडे वेग मोजलाच नाही, फक्त चुका मोजल्या. साधारण तीन महिन्यांनी दोन बोटांचा वेग मागे पडला.

बहिणीने क्लास पुन्हा सुरू केला आहे. ऑफिसातलं दिवसाचं एक छोटं पत्र, दोन-तीन ओळींचं, कितीही वेळ लागला तरी दहा बोटांनीच करायचं, असं आमचं ठरलंय. काल तिने विचारलं, “ळ कुठे असतो गं?” ल च्या बटणावर, शिफ्ट दाबून.