फ्यूजन म्हणजे आलटून पालटून नव्हे

दिवाळी पहाटेला ठाण्यात तलावपाळीवर नाहीतर राम मारुती रोडवर हल्ली एखादा तरी फ्यूजन बँड असतोच. अभंगाच्या दोन ओळी, मग डिस्टॉर्शन लावलेली गिटार, पुन्हा अभंग, आणि शेवटी तबला-ड्रम्सचा सवाल-जवाब. लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवतो. पण ताटात भाताशेजारी आमटी वाढली म्हणजे कालवलं असं होत नाही ना!

कालवणं कसं असतं ते ऐकायचं असेल तर 'बॅड ब्रेन्स' या अमेरिकी बँडचा १९८६ सालचा 'आय अगेन्स्ट आय' लावा. जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली तर वाशी येईपर्यंत आटोपतो.

ही वॉशिंग्टन डी.सी.ची चार कृष्णवर्णीय पोरं. सुरुवात जॅझ फ्यूजनपासून केली, मग पंक, म्हणजे वेगवान, राकट रॉक, कानावर पडलं आणि ते त्यांनी मूळ पंकवाल्यांना धाप लागेल इतक्या वेगात वाजवलं. त्यात जमैकाचा रास्ताफारी पंथ स्वीकारला, म्हणजे तिथलं रेगे संगीत ओघानेच आलं. १९८२चा त्यांचा पहिला अल्बम आधी कॅसेटवर निघाला. पिवळ्या कव्हरवर कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, घुमटावर वीज कोसळतेय. त्यात दीड-दोन मिनिटांची सुसाट गाणी आणि मधेच अचानक संथ रेगे. ऐकायला जबरदस्त, पण खरं सांगायचं तर तेही आलटून पालटूनच.

'आय अगेन्स्ट आय'मध्ये निखळ रेगे म्हणावं असं एकही गाणं नाही. म्हणूनच मला तो त्यांचा सगळ्यात रेगे अल्बम वाटतो. उलटं वाटेल, पण ऐका.

रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात चार मात्रांपैकी पहिलीवर ड्रमर हात आवरून धरतो, घाव पडतो तिसरीवर. सम मोकळी सोडणारं संगीत! आपल्यासारख्या समेवर मान डोलावणाऱ्यांना पहिल्यांदा पायरी चुकल्यासारखं होतं. गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक चटके देते आणि मधलं सगळं रान बेसचं. आता याच अल्बममधलं 'री-इग्निशन' लावा. डॉक्टर नो या गिटारिस्टचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, सरळसरळ हेवी मेटलचा, जड आणि दमदार. पण तो वाजतो, थांबतो, श्वास घेतो. त्या थांबण्यात डॅरिल जेनिफरचा बेस काय बोलतो ते मोबाइलच्या स्पीकरवर कळणार नाही, बरे हेडफोन लावा. तो चटका नाही, तो ठेकाही नाही, पण जागा सोडायची ती अक्कल रेगेचीच.

पंक 'हाउस ऑफ सफरिंग'मध्ये भेटतं, श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि या सगळ्यावर गायक एच.आर.चा आवाज. मेटलमधला गायक एकतर उंच किंचाळतो नाहीतर गुरगुरतो, हा चक्क चाल गातो. 'शी'ज कॉलिंग यू' ऐकून झाल्यावर ती चाल डोक्यातून जात नाही.

'सेक्रेड लव्ह'ची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. एच.आर. तेव्हा गांजाच्या प्रकरणात तुरुंगात होता. निर्माता रॉन सेंट जर्मेनने त्याचं गाणं तुरुंगातल्या फोनवरून रेकॉर्ड केलं! आवाज पातळ, किरटा, लांबून आल्यासारखा येतो, आणि प्रेमगीताला तो इतका शोभतो की चकचकीत स्टुडिओत गायला असता तर गाणं निम्मं झालं असतं असं माझं मत आहे. गंमत म्हणजे जमैकाच्या डबमध्ये, म्हणजे स्टुडिओत नव्याने घडवलेल्या रेगेमध्ये, आवाजाची अशी मोडतोड मुद्दाम करतात, इथे ती तुरुंगाने करून दिली.

पुढे लिव्हिंग कलर वगैरे कृष्णवर्णीय रॉक बँड आले त्यांची वाट या चौघांनी मोकळी केली, हे बहुतेकांना मान्य आहे. समलिंगी लोकांविषयीची त्यांची त्या काळातली मतं मात्र मला अजिबात पटत नाहीत, आणि संगीत आवडतं म्हणून त्यावर पांघरूण घालणार नाही.

आणि ड्रम्सचा आवाज! खास ऐंशीच्या दशकातला, टिनाच्या शेडमध्ये वाजवल्यासारखा. अर्ल हडसन इतका अचूक वाजवतो आणि मिक्सिंगने त्याचं असं करून ठेवलंय. पहिल्या कॅसेटवरचा ओबडधोबड आवाज मला त्याहून परवडतो. पण गाणी मात्र याच अल्बमची.